डुलकीतलं आमेन

"आमेन," मी म्हणाले, आणि चांगलं खणखणीत म्हणाले. डोळे उघडून बघते तर सगळं घर माझ्याकडं टक लावून बसलेलं.

आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, डोळ्यांना धार लागली होती. एरवी त्या बाईच्या डोळ्यांतून कांदा चिरतानासुद्धा टिपूस यायचं नाही. त्या चटईवरून गुडघ्यांनीच पुढं सरकल्या, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "सुवार्ता, मोठ्या मनाची गं बाई तू! मला वाटलं होतं तू अडून बसशील. प्रभूनंच तुझ्या तोंडून वदवलं."

मी हसले. दुसरं काय करणार? समोर आमचे हे, बेंजामीन, भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांचा चेहरा त्या चुना दिलेल्या भिंतीत मिसळून गेला होता. माझी धाकटी, रिबका, माझ्या मांडीवर बसून स्वतःच्या पायाचा अंगठा तोंडात घालायची खटपट करत होती. आपण कशाला आमेन म्हणालो, याचा मला काडीचाही पत्ता नव्हता. कारण मी झोपले होते.

आता हे तुम्हाला नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई वेंधळी होती. बाई वेंधळी नव्हती, बाई थकलेली होती. राहुरीच्या अलीकडं एका लहानशा गावात मिशनचं कंपाउंड, त्यातलं आमचं कौलारू घर. हे साखर कारखान्यात. माझा दिवस कोंबडा आरवायच्या आधी सुरू व्हायचा: पाणी, चूल, म्हैस, दोन लेकरं, दुपारी शिवणाचा वर्ग. दिवेलागणीला मी चटईवर टेकायची ती त्या दिवसातली पहिली बैठक असायची. आणि नेमकं तेव्हाच घरात प्रार्थना.

सासरे मिशनचे प्रचारक होते. मी या घरात आले तेव्हा ते नव्हते, पण त्यांचे नियम होते. रोज संध्याकाळी एक गीत, एक वचन, आणि मग पाळीपाळीनं प्रत्येकानं तोंडानं प्रार्थना करायची, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. धाकटी सून सगळ्यात शेवटी. प्रार्थना संपल्याशिवाय ताट मांडायचं नाही, कुणी प्रार्थना करत असलं की मधे बोलायचं नाही, आणि सगळ्यात मोठा नियम असा की प्रार्थनेत जे देवापुढं ठेवलं आणि घरानं ज्याला आमेन म्हटलं, त्यावर पुन्हा घरात तोंड उघडायचं नाही. भांडणं मिटावीत म्हणून सासऱ्यांनी हा नियम घातला होता म्हणे. पाच भावांच्या घरात वाढलेला माणूस, त्याला गरज असेल. आत्याबाईंनी तो जिवापाड सांभाळला होता. बाई एकवचनी.

आत्याबाईंची प्रार्थना म्हणजे मालगाडी. मिशनऱ्यांच्या काळापासून सुरू व्हायची, मेलेल्यांचे उपकार मानत जिवंतांपर्यंत यायची, आणि जिवंतांत मी असायचे. "हे बापा, आमच्या सूनबाईला दूध उतू न जाऊ देण्याची बुद्धी दे." "हे बापा, जिचा हात मिठाला सैल आहे तिला सांभाळ." तोंडावर बोलल्या असत्या तर मीही दोन शब्द ऐकवले असते, माझी जीभ काही गहाण नव्हती. पण देवाशी चाललेल्या बोलण्यात तोंड कसं घालणार? डोळे मिटायचे, हात जोडायचे आणि शेवटी त्यालाच आमेन म्हणायचं.

मग मी एक विद्या शिकले. पाठ ताठ ठेवून झोपायची. आत्याबाईंचा आवाज खाली उतरला की झोपेतच कान टवकारायचे आणि आमेन टाकायचं. वेळ कधी चुकली नाही. माझी पाळी आली की पाठ झालेली चार वाक्यं बोलायची आणि भाकऱ्या थापायला उठायचं. हे मी रोज करायचे आणि मला वाटायचं, चाललंय ते छान चाललंय.

त्या संध्याकाळी मी आत स्वयंपाकघरात गेले तर हे माझ्या मागोमाग आले. हे कधी स्वयंपाकघरात यायचे नाहीत.

"तू मला आधी सांगायचं तरी," हे म्हणाले.

"काय सांगायचं?"

"एवढा मोठा निर्णय. मी बाप आहे तिचा."

माझ्या हातातली परात तशीच राहिली. "अहो, कुणाचा बाप? काय झालंय?"

त्यांनी ती माझ्या हातून घेऊन खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "तू ऐकलं नाहीस?"

"डोळा लागला होता माझा."

"सुवार्ता! आईनं देवापुढं ठेवलं की मनोरमावहिनींची ओटी रिकामी आहे, तुला दोन दिलीत, त्यातली रिबू धाकट्या सुनेनं आपल्या हातानं थोरलीला द्यावी. म्हणाली, सूनबाईच्या मनाची तयारी असेल तर तिनं आमेन म्हणावं. मग ती थांबली."

"आणि?"

"आणि तू म्हणालीस. माझ्याही आधी."

मी मटकन खाली बसले. बाहेर आत्याबाई रिबूला अंगाखांद्यावर खेळवत जालन्याचं गाणं करून म्हणत होत्या, जालन्याला जायचं, नवा झगा घालायचा.

जालन्याला माझे थोरले दीर रूबेन आणि जाऊबाई मनोरमाताई. त्यांना मूलबाळ नव्हतं. डॉक्टर झाले, उपास झाले, जालन्याच्या देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, अख्ख्या मंडळीनं प्रार्थना केल्या. अलीकडं ताईंनी देवळात जाणं सोडलं होतं, नीट जेवतही नव्हत्या, दिवस दिवस खिडकीशी बसायच्या असं कानावर यायचं. आत्याबाईंचा जीव त्यांच्यासाठी तुटायचा, हे मला ठाऊक होतं. तुटावाच. पण म्हणून माझ्या पोटचा तुकडा?

मी तशीच बाहेर गेले. "आत्याबाई, मला बोलायचंय. मघाशी माझं ध्यान नव्हतं. मला झोप लागली होती. मी ते आमेन समजून उमजून म्हणाले नाही."

मला वाटलं होतं, बोलणी बसतील. खुशाल बसू देत, प्रार्थनेत झोपणारी सून म्हणून गावभर नाव होऊ दे, पण लेकरू वाचेल. आत्याबाई मुळीच चिडल्या नाहीत. त्यांनी माझा हात धरून मला शेजारी बसवलं आणि मायेनं म्हणाल्या, "आता घाबरलीस होय? होतं असं. देताना हात कापतो. म्हणून तर प्रभूनं तुझं मन झोपवलं आणि तोंड उघडलं. जाग असती तर तू दिलं असतंस का?"

"नसतंच दिलं!"

"बघ," त्या म्हणाल्या, जणू मीच त्यांची बाजू मांडली. "आणि बाई, आमेन झालंय. आता यावर बोलायचं नाही."

आत्याबाईंनी दुसऱ्याच दिवशी कारखान्यातून जालन्याला फोन करवला. त्यांनी स्वतः यांनाच पाठवलं, आणि हे गेले! संध्याकाळी मी विचारलं, "तुमच्यानं बोलवलं तरी कसं?" तर म्हणाले, "दादा फोनवर रडायला लागला गं. बाबा गेले तेव्हा मला वाढवलं त्यानं. मी काय म्हणू, नाही?" चांगुलपणाची गंमत अशी की तो नेहमी दुसऱ्याच्या लेकराच्या जिवावर होतो, असं मी म्हणाले. हे हातपाय धुवायला निघून गेले. बोलत नसत हे कधीच.

पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या देवळाच्या पाद्रींना, मात्र आत्याबाईंनी स्वतः सांगितलं. रविवारी साहेबांनी उपदेशात, पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, ज्या माउलीनं नवसाचं लेकरू मंदिरात नेऊन दिलं तिची गोष्ट काढली आणि म्हणाले, "अशी एक माउली आज आपल्यातही बसली आहे." सगळं देऊळ मागं वळलं. मला जमीन दुभंगून गिळेल तर बरं असं झालं. उपासना सुटल्यावर बायकांनी गराडा घातला. कुणी सलाम केला, कुणी माझे हात डोळ्यांना लावले. एकीनं रिबूसाठी लोकरीची टोपी विणायला घेतलीसुद्धा. जालना काय हिमालयात आहे?

मी पाळकसाहेबांना गाठलं. "साहेब, माझ्या मनात नाही हो."

"मनात नसताना दिलं, तेच खरं अर्पण," ते म्हणाले आणि मला आशीर्वाद दिला.

वाईट माणसाला शिव्या देता येतात, हो. पण माझ्याभोवती सगळी भली माणसं होती आणि प्रत्येक जण हसतमुखानं मला एकेक पाऊल मागं ढकलत होता. शिव्या तरी कुणाला घालू? रात्री रिबू कुशीत यायची. तिला माझ्या कानाची पाळी धरून झोपायची खोड होती. ती पाळी धरून झोपून गेली की मी आढ्याकडं बघत पडायची. आता मला झोप येत नव्हती, बघा. प्रार्थनेत तर मुळीच येत नव्हती. टक्क डोळ्यांनी आत्याबाईंचा एकेक शब्द ऐकत होते आणि प्रत्येक शब्दासरशी दोरी आवळत होती.

एकदा मी पळून जायचा प्रयत्नसुद्धा केला. दुपारी रिबूला कडेवर घेतलं, पिशवीत तिचे दोन झगे टाकले आणि थोरल्या विनयला शेजारी सोडून निघाले. माहेरी आई नव्हती, सावत्र आईच्या दारात किती दिवस टिकले असते कुणास ठाऊक. पण निघाले. कंपाउंडच्या फाटकातच पाळकीणबाई भेटल्या. "अगं बाई, फोटो काढायला निघालीस ना लेकीचा? जायच्या आधी एक फोटो हवाच. चल, मीही येते." त्यांनी रिबूला माझ्या कडेवरून अलगद आपल्या कडेवर घेतलं, माझ्या हातातली पिशवीही घेतली, आणि आम्ही खरंच फोटो काढून आलो. तो फोटो अजून आहे. त्यात मी मयतीला आल्यासारखी बसलेय.

यांना मी एवढंच म्हणाले, "तुमची पाळी माझ्या आधी असते. दादांसमोर, आईंसमोर, प्रार्थनेत बोला. प्रार्थनेत कुणी अडवत नाही. म्हणा, लेकरू द्यायचं नाही."

"बोलतो," हे म्हणाले.

"नक्की?"

"नक्की बोलतो गं. माझी का ती लेक नाही?" आणि त्यांचे डोळे भरून आले. माझा विश्वास बसला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तसला.

शनिवारी दुपारच्या गाडीनं जालन्याची मंडळी आली. रूबेन भाऊजींनी खांद्यावरून लाकडी पाळणागाडी आणली होती, रंगाचा वास अजून तसाच होता. मनोरमाताई मागून आल्या, डोक्यावरचा पदर सारखा सारखा नीट करत. किती वाळल्या होत्या! मी ठरवलं होतं की त्यांच्याशी एक अक्षर बोलायचं नाही. चहा समोर आदळायचा आणि आत जायचं.

पण त्या माझ्या मागं मागं स्वयंपाकघरातच आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या.

"काय हवंय ताई?"

"काही नाही. तू कर तुझं." मग जरा वेळानं घाबरत घाबरत विचारलं, "ती काय खाते गं?"

"वरणभात. मऊ करून. तिखट चालत नाही."

"बरं. आणि झोपताना? रडते का फार?"

मी पीठ मळत होते. सांगू नये असं वाटलं, पण तोंडातून गेलं. "कानाची पाळी धरून झोपते. माझ्या."

मी वळून बघितलं तर त्या आपल्या कानातल्या कुड्या काढत होत्या. एक काढली, दुसरी मळसूत्राला अडकली होती, ती ओढताना कानाला रक्त आलं. "टोचायला नको तिला," त्या म्हणाल्या आणि कुड्या रुमालात बांधल्या. मला त्यांचा राग करायचा होता हो. फार करायचा होता. तो माझ्या हातून निसटून गेला आणि मग मला जास्तच भीती वाटायला लागली, कारण रागाचा तरी आधार होता.

दिवेलागण झाली. आत्याबाईंनी चटईवर धुतलेली चादर अंथरली होती. डाळ चुलीच्या कडेला शिजत होती. आम्ही सगळे गोल बसलो. आत्याबाईंनी रिबूला माझ्याकडून घेतलं आणि ताईंच्या मांडीवर ठेवलं. "आज इथंच बसू दे," म्हणाल्या. रिबू जरा कुरकुरली, मग ताईंच्या बांगड्यांशी खेळायला लागली. उद्या सकाळच्या गाडीनं ती जाणार होती.

गीत झालं, वचन झालं. आत्याबाईंनी प्रार्थना धरली. त्या दिवशी त्या लांबल्या नाहीत. देवाचे उपकार मानले, लेकरू एका घरातून दुसऱ्या घरात निघालंय त्याचा प्रवास सुखाचा कर म्हणाल्या. रूबेन भाऊजी दोनच वाक्यं बोलले आणि त्यांचा आवाज फाटला. ताईंची पाळी आली. त्यांनी "हे प्रभू" म्हटलं, पुन्हा "हे प्रभू" म्हटलं, आणि पुढं काही नाहीच. आत्याबाईंनीच त्यांच्या वतीनं आमेन म्हटलं.

मग यांची पाळी. मी श्वास धरून बसले.

"हे आकाशातल्या बापा," हे म्हणाले. मोठा उसासा टाकला. "आम्हा सर्वांना सांभाळ. वाटेत असतील त्यांना सांभाळ. कारखान्याचं कामकाज सांभाळ. येशूच्या नावानं, आमेन."

रोजचीच प्रार्थना! एक शब्द इकडचा तिकडं नाही! मला वाटलं, उठावं आणि डाळीचं पातेलं या माणसाच्या डोक्यावर उपडं करावं. पण डोळे मिटलेले, हात जोडलेले, सगळे माझ्यासाठी थांबलेले. माझी पाळी होती. माझ्यानंतर ताटं मांडायची, आणि ताटांनंतर काही उरलं नव्हतं.

"हे बापा," मी सुरुवात केली, आणि पाठ असलेली चारही वाक्यं विसरले. खरंच विसरले. कोरी पाटी. मग जे होतं तेच बोलले.

"हे बापा, मी सुवार्ता. मी तुझ्याशी आज पहिल्यांदाच बोलतेय. रोज या चटईवर बसते पण बोलत नाही, झोपते. तुला माहीत आहे. आत्याबाईंना वाटतं माझं ध्यान तुझ्याकडं असतं, ते भाकरीकडंसुद्धा नसतं, ते कुठंच नसतं. त्या दिवशी त्यांनी माझी लेक मागितली तेव्हा मी झोपेत आमेन म्हणाले. तू जागा होतास ना? मग मला हलवलं का नाहीस?"

कुणीतरी श्वास ओढला. आत्याबाई असाव्यात. पण प्रार्थनेत कुणी अडवत नाही.

"देवळात सगळे म्हणाले मी मोठ्या मनाची. मी नाही रे बापा. माझं मन एवढंसं आहे. त्या शास्त्रातल्या बाईनं तुझ्याकडून लेकरू मागून घेतलं होतं आणि मागतानाच देईन म्हणाली होती. मी काही कबूल केलं नव्हतं. दिलेलं परत मागणाऱ्याला काय शिक्षा असेल ती मला दे, रिबूला देऊ नको. ताईंचा मला राग येत नाही. त्यांनी आज कानातल्या कुड्या काढल्या. मला बघवलं नाही. त्यांना लेकरू दे. त्यांचं त्यांना दे, त्यांच्या पोटी दे. माझं देऊ नको. मी तुझ्या पाया पडते, माझं देऊ नको. येशूच्या नावानं मागते."

आणि मी थांबले. आता सगळ्यांनी आमेन म्हणायचं. रोज म्हणतात. त्याशिवाय डोळे उघडायचे नाहीत, त्याशिवाय उठायचं नाही.

कुणी म्हणेना.

डाळ करपायला लागली, वास आला. कुणी उठलं नाही. रूबेन भाऊजींचं नाक वाजत होतं. हे माझ्या शेजारी थरथरत होते, मला चटईतून कळत होतं, पण तोंड उघडेल तर शपथ. आणि आत्याबाई? त्या म्हणाल्या तर नियमच होता, आमेन झालं की विषय संपला. त्या म्हणाल्या नाहीत तर लेक गेली. मी डोळे घट्ट मिटून बसले होते, आणि त्या अंधारात मी देवाला धरून ठेवलं होतं, अगदी बकोटीला. मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं की असं धरता येतं.

"आमेन."

आवाज इतका बारीक होता की मला वाटलं, लेकरूच बोललं. मी डोळे उघडले. मनोरमाताईंचे डोळे अजून मिटलेले होते, दोन्ही हात रिबूच्या पाठीवर. मग त्यांनी मोठ्यानं म्हटलं, "आमेन. सगळ्यांनी म्हणा ना. डाळ लागली."

त्यांनी रिबूला उचललं आणि चटईवरून माझ्यापुढं ठेवलं. फार सांभाळून ठेवलं, काचेचं भांडं ठेवावं तसं. "मनोरमा," रूबेन भाऊजी म्हणाले, "अगं, काय करतेस?" त्या म्हणाल्या, "अहो, आमेन झालंय. आता यावर बोलायचं नाही." आणि पातेलं उतरवायला आत गेल्या.

मी रिबूला छातीशी घेतलं आणि हमसून हमसून रडले. हेही रडले, त्यांना रडायला मात्र पाळी लागत नव्हती. आत्याबाई बराच वेळ बसून राहिल्या. त्यांनी आमेन म्हटलं नाही. पण घराच्या आमेननंतर त्या विषयावर त्यांनी जन्मभर कधी तोंडही उघडलं नाही, ना माझ्यापाशी, ना मंडळीपाशी. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं तर म्हणाल्या, "घरात निकाल झाला." बाई एकवचनी म्हटलं ते उगाच नाही.

सकाळी मी ताईंना एसटीच्या थांब्यावर पोचवायला गेले. भाऊजी गाडीची वाट बघत पुढं रस्त्याशी उभे होते. पाळणागाडी ताईंनी आमच्याच ओसरीवर ठेवली होती, "राहू दे, खेळेल" म्हणून. मला त्यांच्या पायावर डोकं ठेवायचं होतं, पण आमच्यात तसं करत नाहीत, म्हणून मी त्यांचा हात धरून ठेवला.

"ताई, कशी फेडू मी हे?"

"फेडायचं काय त्यात. तुझी होती, तुझ्याकडं आहे." मग त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला. "एक कर. माझ्यासाठी सगळे मागायचे गं. जालन्याची मंडळी, पाळक, आत्याबाई. मला ऐकून ऐकून वीट आला होता, ते सगळं पाठ केल्यासारखं वाटायचं. काल तू माझ्यासाठी मागितलंस ना, की तिच्या पोटी दे, तसं कुणी मागितलं नव्हतं. तसं माग. रोज माग. मला आता मागायचा जोर नाही."

"मागेन," मी म्हणाले.

"रोज हं. मधे सोडायचं नाही."

त्या वेळी मी काहीही कबूल केलं असतं. लेक मिळाली होती, वारं प्यालेल्या वासरासारखी मी हिंडत होते. पण चारच दिवसांत कळलं की मी एका खुंट्यावरून सुटून दुसऱ्याला बांधली गेलेय. संध्याकाळच्या चटईवर ते मागणं होईना, आत्याबाईंपुढं जीभ अडायची. मग पहाटे चूल पेटवायच्या आधी, फुंकणी हातात घेऊन, उभ्या उभ्या मागायला लागले. कधी कंटाळा यायचा, कधी थंडीनं दात वाजायचे. एखाद्या पहाटे तसंच काम सुरू केलं की रिबू उठून दुडुदुडु यायची, आणि तिला बघितलं की फुंकणी खाली ठेवून पुन्हा उभं राहावं लागायचं. माझ्या बाळंतपणात मागितलं, आजारपणात मागितलं, आत्याबाई गेल्या त्या पहाटेही मागितलं. देवाशी भांडले, अबोला धरला, "देत नसशील तर सांग तरी" म्हणाले. पण उठून उभी राहिले. ताईंचं नाव घेता घेता मग इतरांचीही नावं यायला लागली, यांचं, मुलांचं, पाळकीणबाईंचं सुद्धा. लोक मला विचारतात, आजी, रोज प्रार्थना करायची सवय तुम्ही कशी लावून घेतली? मी म्हणते, लावून घेतली नाही बाबांनो, गळ्यात पडली.

देवानं ऐकलं नाही. ताईंची कूस रिकामीच राहिली.

वर्षं उलटली. केस पांढरे झाले, घरात फोन आला. आता या वयात देवापुढं ते मागायची मला लाज वाटायला लागली, त्यालाही अवघडल्यासारखं होत असेल असं वाटायचं. शेवटी धीर करून मी जालन्याला फोन लावला. इकडचं तिकडचं झालं. मग मी विचारलं, "ताई, आता तुमच्यासाठी काय मागू हो?"



"तेच माग," ताई म्हणाल्या.

"अहो, पण आता आपली वयं..."

"वय मला कळतं गं. तू तेच माग. मला रोज पहाटे जाग येते, कुणीही हाक मारत नाही तरी येते. तेव्हा मला ठाऊक असतं की त्या घटकेला कुणीतरी उभं राहून माझं लेकरू मागतंय. तेवढा वेळ मी आई असते."

मी मागते. आज पहाटेही मागितलं.